मध्यरेषा एकदाच ओलांडायची

उजव्या पायात रुतलेला काटा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला कळतो. गर्भावस्थेत काही मज्जातंतू मज्जारज्जूची मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात आणि मग मेंदूकडे वळतात, म्हणून हे शक्य होतं. पण काही मिलिमीटरच्या गर्भात त्यांना वाट दाखवतं कोण?

वाढत्या तंतूच्या टोकाला बोटांसारखे बारीक धागे सतत बाहेर येतात, आजूबाजूला चाचपडतात आणि मागे घेतले जातात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात हे टोक ओळखलं. त्यांच्यासमोर होते रंगवलेले, निर्जीव काप. तरी हे टोक पुढे सरकत असणार आणि त्याला रसायनं ओढून घेत असणार, हा त्यांचा तर्क थक्क करणारा आहे.

ते रसायन हाती लागायला शतक गेलं. मार्क टेसिए-लाविन यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भांचे सुमारे २५,००० मेंदू गोळा करून त्यातून नेट्रिन ही प्रथिनं वेगळी केली. १९९४ मध्ये ती जाहीर झाली. मध्यरेषेवरच्या पेशी नेट्रिन तयार करतात आणि तंतू तिकडे ओढले जातात.

मग ते तिथेच का थांबत नाहीत? मला तर खरी गंमत इथे वाटते. उत्तर मिळालं फळमाशीत. ‘रोबो’ हे जनुक बिघडलं की तंतू मध्यरेषा पुन्हा पुन्हा ओलांडतात, चौकातल्या सर्कलभोवती गाडी फिरत राहावी तसे. मध्यरेषेवरच्या पेशी स्लिट नावाचं दूर लोटणारं प्रथिनही सोडतात आणि ते ओळखणारा ग्राही, म्हणजे तंतूच्या पृष्ठभागावरचं संदेश टिपणारं प्रथिन, म्हणजेच रोबो. ओलांडण्याआधी माशीचा तंतू रोबोला पृष्ठभागावर येऊच देत नाही. पलीकडे पोचला की रोबो वर येतो, आणि परतीची वाट बंद.

माणसात नेट्रिन ओळखणाऱ्या ‘डीसीसी’ ग्राहीचं जनुक सदोष असेल, तर काहींमध्ये एका हाताची मूठ वळताना दुसऱ्याचीही आपोआप वळते. हा संबंध २०१० मध्ये दाखवला गेला.

दुरून ओढून घेणाऱ्या नेट्रिनचं चित्र मात्र २०१७ मध्ये बदललं. उंदरांच्या गर्भात फक्त मध्यरेषेवरचं नेट्रिन काढून टाकलं, तरी बरेच तंतू नीट पोचले. वाटेवरच्या, नव्या मज्जापेशींना जन्म देणाऱ्या जनक पेशींनी जागच्या जागी पसरलेलं नेट्रिन त्यांना पुरेसं होतं.