नाव खोडले म्हणजे ओळख पुसली, हा समज कोठून आला

बिग डेटाविषयीच्या, म्हणजे लोकांच्या नोंदींच्या प्रचंड साठ्यांविषयीच्या, गैरसमजांत सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत घातक समज असा की, नोंदींमधून नाव-पत्ता काढून टाकला की उरलेली माहिती कोणाचीच राहत नाही. हा समज निव्वळ अज्ञानातून आलेला नाही. एके काळी तो बऱ्याच अंशी खरा होता, आणि म्हणूनच तो इतका चिवट आहे.

अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांसाठी प्रत्येक माणसामागे एक कार्ड भोके पाडून तयार केले गेले. वय, लिंग, जन्मस्थान, व्यवसाय यांना कार्डावर ठरावीक जागा होत्या. यंत्राच्या सुया भोकांतून खाली जाऊन पाऱ्यात टेकल्या की विजेचे सर्किट पूर्ण होई आणि त्या त्या तबकडीवरचा काटा एका घराने पुढे सरके. सुमारे 6 कोटी 30 लाख माणसे अशी मोजली गेली, पण प्रसिद्ध झाले ते बेरजांचे तक्ते, आणि बेरजेत माणूस सहसा विरघळून जातो. त्याच वर्षी डिसेंबरात सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा प्रसिद्ध लेख आला. त्याचा रोख वर्तमानपत्रांवर आणि झटपट निघणाऱ्या छायाचित्रांवर होता, अशा तक्त्यांवर नव्हे.

‘बिझनेस इंटेलिजन्स’ (व्यवसायाचे निर्णय घेण्यासाठी माहिती चाळण्याची पद्धत) हा शब्दही मुळात ग्राहकांवर पाळत ठेवण्यासाठी आलेला नाही. आयबीएम या संगणक कंपनीचे हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये या नावाने जी व्यवस्था मांडली, तिचे काम आलेले दस्तऐवज यंत्राकरवी संक्षेपात आणून, ज्याला ज्याची गरज त्याच्याकडे पोहोचवणे एवढेच होते. पुढे 1989 च्या सुमारास विश्लेषक हॉवर्ड ड्रेस्नर यांनी तो शब्द नव्याने रुळवला, तोवर कंपन्यांच्या संगणकांत प्रत्येक व्यवहाराची स्वतंत्र ओळ साठू लागली होती. तक्त्यांच्या जोडीला आता माणसागणिक ओळीही हातोहात फिरू लागल्या. नाव खोडून निश्चिंत होण्याची सवय मात्र तक्त्यांच्या काळातलीच राहिली.

ती सवय किती तकलादू आहे, हे मॅसॅच्युसेट्समध्ये उघड झाले. तेथील राज्य कर्मचाऱ्यांचा विमा पाहणाऱ्या आयोगाने संशोधनासाठी रुग्णालयीन नोंदी उपलब्ध करून दिल्या होत्या. नावे वगळली होती, पण जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी झिप कोड (तिथला पिनकोड) तसेच ठेवले होते. गव्हर्नर विल्यम वेल्ड मे 1996 मध्ये एका जाहीर समारंभात कोसळले आणि त्यांना रुग्णालयात नेले, ही बातमी सर्वांना ठाऊक होती. तेव्हा एमआयटीत शिकत असलेल्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरला विकत घेतली. त्या यादीत वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा जण निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. विम्याच्या नोंदींतली त्यांची ओळ सापडली. कोणतेही कुलूप तोडावे लागले नाही. दोन याद्या शेजारी ठेवणे पुरेसे ठरले.

स्वीनी यांनी पुढे मांडलेला अंदाज असा की, अमेरिकेतील 87 टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकमेव ठरतात. 2006 मध्ये संशोधक फिलिप गोल यांनी नव्या जनगणनेवरून तोच हिशेब केला तेव्हा प्रमाण 63 टक्के आले, त्यामुळे 87 हा आकडा ब्रह्मवाक्य मानू नये. आपल्याकडे तर तो जसाच्या तसा लावताच येत नाही. एक पिनकोड अमेरिकेतल्या झिप कोडपेक्षा सरासरी कितीतरी अधिक लोकांचा असतो, आणि महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी 1 जून हीच जन्मतारीख लिहिलेली आहे. आमच्या नात्यातल्या जुन्या दाखल्यांची गठडी सोडली, तर एकाखाली एक तीच तारीख येते.

म्हणून आपण गर्दीत सुरक्षित आहोत, असे मात्र नाही. 2013 मध्ये संशोधक इव्ह-अलेक्झांडर द मोंजोय आणि सहकाऱ्यांनी 15 लाख मोबाइलधारकांच्या 15 महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोठे आणि कोणत्या तासाला अशा फक्त चार नोंदींवरून 95 टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता आले. त्याआधी 2006 मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांनी इंटरनेटवर काय काय शोधले, त्याच्या नोंदी नावाऐवजी क्रमांक घालून खुल्या केल्या होत्या, आणि काही दिवसांतच पत्रकार त्यांतल्या एका वृद्ध स्त्रीच्या दारापर्यंत पोहोचले.

भारतात 1948 च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी गोपनीय ठेवल्या. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि डेटा संरक्षणावरील न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या अहवालानंतर आलेल्या 2019 च्या विधेयकात, ओळख काढलेल्या माहितीवरून संमतीविना पुन्हा ओळख पटवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ते विधेयक 2022 मध्ये मागे घेतले गेले. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात हा स्वतंत्र गुन्हा नाही, याची मला खंत वाटते. त्यात व्यक्तिगत डेटाची व्याख्या मात्र नावावर अडलेली नाही: ज्या माहितीने किंवा जिच्या संदर्भाने व्यक्ती ओळखता येते, ती माहिती व्यक्तिगत आहे.