काचेवरचे ओघळ बघून वाईन भारी ठरत नाही

ग्लास गोल फिरवला की काचेवरून जे ओघळ उतरतात ते जितके जाड आणि सावकाश तितकी वाईन उंची, असं वर्षानुवर्षं सगळे एकमेकांना सांगत आलेत, पण ते चूक आहे. होतं काय, की काचेला लागलेल्या पातळ थरातलं अल्कोहोल पाण्याच्या आधी उडून जातं, त्यामुळे तिथला पृष्ठताण वाढतो, तो खालची वाईन वर ओढतो आणि वर जमलेली वाईन थेंब होऊन खाली घसरते, बस. हे १८५५ मध्ये जेम्स थॉमसनने सांगितलं आणि या परिणामाला नाव पडलं ते १८६५ मध्ये यावर काम करणाऱ्या इटलीच्या कार्लो मारांगोनीचं.

खात्री करायचीय? ग्लासवर बशी झाका, जरा थांबा. अल्कोहोल उडायचं थांबतं आणि ओघळही थांबतात. वाईन तीच!

मी हे इटलीच्या पिएमोंते भागातल्या एका छोट्या घरगुती इस्टेटच्या बारोलो या रेड वाईनवर करून बघितलं. बारोलोत अल्कोहोल किमान १३ टक्के लागतंच, म्हणजे साधी असो की अप्रतिम, ओघळ येणारच ना. खरी ओळख तोंडात पटते. बारोलो ज्यापासून बनते त्या नेब्बिओलो द्राक्षाचा तो तुरटपणा, कच्ची सुपारी चावल्यासारखा हिरड्या आवळणारा, वासाला सुकलेला गुलाब आणि चक्क डांबर, आणि रंग फिका विटकरी. किमान ३८ महिने मुरवतात, त्यातले १८ लाकडी पिंपात, ती चव घोट गिळल्यावरही कितीतरी वेळ जिभेवर राहते, लक्ष तिकडे द्या.