टेस्ट जिभेची, फ्लेवर नाकाचा

ठाण्यात तलावपाळीला आइस्क्रीमवाल्यासमोर 'कोणकोणत्या टेस्ट आहेत?' असं विचारलं तरी कोन मिळतोच, त्यामुळे तिथे कुणाचं अडत नाही. पण खाण्यावर लिहिणाऱ्यांनीही टेस्ट आणि फ्लेवर एकाच मापाने मोजावेत, हे माझ्या डोक्यात जातं.

टेस्ट सगळ्यांना पाठ आहे: गोड, आंबट, खारट, कडू. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनतज्ज्ञाने त्यात उमामीची, म्हणजे सूप-मशरूममध्ये लागते त्या भरदार चवीची, भर घातली. झालं. (टोकाला गोड, मागे कडू हा जिभेचा नकाशा चुकीचा आहे. तो तक्ता आता तरी भिंतीवरून उतरवा.)

घोळ होतो फ्लेवरपाशी. तो तोंडात जाणवतो म्हणून जिभेचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग नाकाचा. नाक चिमटीत धरून वेलचीचं श्रीखंड खाऊन बघा. गोड लागेल, आंबट लागेल, गार लागेल, वेलची मात्र बेपत्ता. चिमटी सोडून श्वास बाहेर टाकला की ती हजर. घास चावताना सुटलेला वास घशामागून नाकात चढतो आणि मेंदू तो जिभेच्या खात्यावर मांडतो. सर्दीत 'तोंडाला चव नाही' म्हणतो तेव्हाही चहात साखर आहे की नाही ते कळतं. गवती चहा घातलाय, ते कळत नाही.

शब्दांची मुळंही हेच सांगतात. टेस्ट आला जुन्या फ्रेंचमधल्या 'टास्टेर'वरून, म्हणजे चाचपणं, स्पर्श करून पाहणं. फ्लेवर आला 'फ्लाओर'वरून, म्हणजे चक्क वास. इंग्रजीतही फ्लेवरचा आधीचा अर्थ वासच होता; चव त्यात मागाहून शिरली.

बाकी किरकोळ. 'त्याला कपड्यांची टेस्ट नाही' इथे फ्लेवर चालत नाही, हे कुणाला सांगायला नको. अमेरिकन लोक फ्लेवरमधला यू गाळतात, गाळू देत.

राहिलं तिखट. मामलेदारच्या मिसळीने नाकातोंडातून पाणी काढलं, तर ती 'स्पायसी टेस्ट' नव्हे. मिरचीतलं कॅप्सायसिन चवीच्या नाही, उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) डिवचतं. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये हा ग्राही शोधला आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता. तेव्हा रश्श्यातलं मीठ ही टेस्ट, मसाल्याचा दरवळ फ्लेवरमधला, आणि घाम फुटतो ते सरळसरळ दुखणं, पदरचे पैसे मोजून घेतलेलं.