के1 एक, चिन्हं चार: इलेक्ट्रिकल डिझाइनमधल्या प्रॉपर्टीची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीसाठी कंट्रोल पॅनेल बनतं, तेव्हा ड्रॉइंगमध्ये एकच काँटॅक्टर, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, चार ठिकाणी दिसतो. कॉइल कंट्रोल सर्किटमध्ये, तीन पोल पॉवर सर्किटमध्ये, 13-14 टर्मिनलचा होल्डिंग काँटॅक्ट (बटण सोडल्यावरही कॉइल चालू ठेवणारा) आणखी कुठे, आणि लेआउटमध्ये साधा चौकोन. वस्तू मात्र एकच, के1 नावाची. ट्रेसिंग पेपरच्या काळात हे चौघे एकच आहेत हे फक्त ड्राफ्ट्समनला ठाऊक असायचं. रेटिंग, मेक, पार्ट नंबर, म्हणजे आजच्या भाषेत त्याच्या प्रॉपर्टी, हे सगळं वेगळ्या मटेरियल लिस्टमध्ये. ड्रॉइंग बदललं आणि लिस्ट तशीच राहिली, तर चूक सापडायची ती थेट वायरिंगच्या वेळी.

यावरचा पहिला मोठा विचार वीजक्षेत्रातून आलाच नाही. 1963 साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी केलेल्या स्केचपॅडमध्ये एक मूळ आकृती आणि तिच्या अनेक प्रती अशी सोय होती. मूळ बदललं की प्रती आपोआप बदलत. 1982 मध्ये ऑटोकॅड आलं. त्यातल्या ब्लॉकला, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार चिन्हाला, पुढे ॲट्रिब्यूट जोडता येऊ लागले, म्हणजे चिन्हासोबत नाव आणि पार्ट नंबरही साठवता आला. पण ही माहिती त्या त्या चिन्हापुरतीच. कॉइलवरचा के1 आणि काँटॅक्टवरचा के1 यांची साध्या ऑटोकॅडला ओळखच नव्हती. आजही कुणी नुसत्या टेक्स्टवर ड्रॉइंग काढत असेल, तर तो याच टप्प्यावर आहे, स्क्रीन कितीही मोठी असो.

खरा बदल झाला तो डेटाबेसवर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिकल सॉफ्टवेअरमुळे. जर्मनीतलं ईप्लॅन 1984 पासूनचं. अशा सॉफ्टवेअरमध्ये के1 हे डिव्हाइस आधी, चिन्हं नंतर. पार्ट नंबर एकाच मुख्य चिन्हाकडे असतो. बाकीची चिन्हं नावावरून त्याच्याशी जोडलेली राहतात, आणि क्रॉस रेफरन्स, म्हणजे बाकीची चिन्हं ड्रॉइंगमध्ये कुठे आहेत याची नोंद, आपोआप पडतो. म्हणून नाव ही साधी प्रॉपर्टी नव्हे, तीच ओळख. आयईसी 81346 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या नावाचे भाग चिन्हांनी वेगळे होतात: बरोबरचं चिन्ह (=) कार्यासाठी, अधिक (+) जागेसाठी, वजा (-) प्रत्यक्ष वस्तूसाठी.

नवशिक्यांचा गोंधळ होतो तो वारशात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पार्ट लायब्ररीतली माहिती प्रोजेक्टमध्ये कशी उतरते त्यात. लायब्ररीतला पार्ट प्रोजेक्टमध्ये घेतला की बहुतेकदा त्याची प्रत होते. नंतर लायब्ररीत करंट रेटिंग दुरुस्त केलं, तरी सिंक केल्याशिवाय जुन्या प्रोजेक्टमध्ये ते येत नाही. माझ्या मते हे बरंच आहे. दोन वर्षांपूर्वी कागलला गेलेल्या पॅनेलचं ड्रॉइंग आपोआप बदलू नयेच.

मात्र प्रॉपर्टी बदलली म्हणून सर्किट बदलत नाही. कॉइल 230 व्होल्ट एसीऐवजी 24 व्होल्ट डीसी केली, तर मटेरियल लिस्ट सुधारते, पण कंट्रोल सप्लाय आधीचाच राहतो. तसा तपासणीचा नियम लावलेला नसेल, तर सॉफ्टवेअर त्यावर काही बोलत नाही.