पोलाद न तापवता घडवायचं कसं? कोल्ड फोर्जिंगची पार्श्वभूमी

एम-१० चा साधा बोल्ट घ्या. आट्यांच्या टोकांवर व्हर्नियर लावला तर माप १० मिलिमीटरच्या जवळपास येतं. पण ज्या सळईवर हे आटे उठवले, ती बहुतेक वेळा जेमतेम ९ मिलिमीटरचीच असते. दोन डायमध्ये, म्हणजे कडक धातूच्या साच्यांमध्ये, दाबून फिरवली की खोलगट भागातला धातू वर सरकतो आणि त्याचाच आटा होतो. काहीही तासलं जात नाही, खाली चिप्सचा ढीग पडत नाही. बोल्टचं डोकंही असंच ठोकून फुगवलेलं असतं. सगळं काम थंड तारेच्या कॉइलवर होतं, भट्टी मध्ये येतच नाही. नट-बोल्टच्या धंद्यात ही रोजची गोष्ट. ती इथवर कशी आली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

तांबं, चांदी, सोनं थंड अवस्थेत ठोकणं फार जुनं. नाणी ठशाखाली पाडायची, तार जंत्रीच्या भोकातून ओढायची, हे शतकानुशतकं चाललं. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आजही याच तत्त्वावर उभी आहे. बंब, घागर, हंडा घडवताना तांबं मध्येच तापवून नरम करतात, पण शेवटचं मठारकाम थंड भांड्यावरच होतं. ओळीनं पडणाऱ्या त्या ठोक्यांना गिऱ्हाईक नक्षी म्हणतं. खरं तर त्या ठोक्यांनी पत्रा ताठ होतो, भांडं सहजी चेपत नाही. थंड धातूला मार बसला की तो कडक होतो, हे तांबटाच्या हाताला ठाऊक होतं. का होतो, याचं समाधानकारक उत्तर १९३४ मध्ये आलं. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तीन शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं की, धातूच्या स्फटिकांमध्ये रचनेचे दोष असतात आणि धातू वाकतो तो हे दोष सरकल्यामुळे. थंड ठोकताना त्यांची गर्दी वाढते, ते एकमेकांची वाट अडवतात आणि धातू अधिक विरोध करू लागतो. तापवलं की ही कोंडी सुटते.

त्यामुळे ‘थंड’ या शब्दाचा अर्थही हाताला काय लागतं यावर ठरत नाही. नवे, ताणमुक्त स्फटिक तयार होतील इतकं तापमान नसलं की ते थंड काम. शिशात असे स्फटिक घरच्या हवेतच तयार होतात, म्हणून ते नुसतं ठोकणं शास्त्राच्या हिशेबी गरम कामात मोडतं! उलट कोल्ड फोर्जिंगच्या प्रेसमधून बाहेर पडलेला पोलादी जॉब (घडवलेला भाग) उघड्या हाताने धरवत नाही, तरी तो थंडच घडवलेला.

लोखंडाच्या बाबतीत पहिली मोठी व्यापारी मजल पिट्सबर्गमध्ये गाठली गेली. १८६० च्या आसपास बर्नार्ड लाउथने लोखंडी दांडे न तापवता फिरत्या रुळांच्या (रोलरच्या) मधून दाबून काढण्याची पद्धत पेटंट केली. सांडशी चुकून रुळांत गेली, बाहेर आली ती चकचकीत आणि कडक होऊन, अशी कथा सांगतात. कारखान्यांच्या शोधकथा बऱ्याचदा अशाच सुबक असतात, तेव्हा ती चिमूटभर मिठासोबत घ्यावी. पद्धत मात्र खरीच होती आणि यंत्रांचे शाफ्ट अशा दांड्यांतून होऊ लागले.

थंड कामाची काळी बाजू उघड झाली ती भारतात. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांची पितळी नळकांडी थंड पत्र्यातून ओढून केलेली असत. पावसाळ्यात ती तबेल्यांत साठवली की आपोआप तडकत, कोणी हात न लावता. पितळात ओढकामाचा ताण कोंडलेला असे, घोड्यांच्या मुतातून अमोनिया उठे आणि दमट हवा बाकीचं काम करी. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये याचा सविस्तर उलगडा केला. उपाय साधा होता: ओढून झाल्यावर पितळ हलकंसं तापवायचं, म्हणजे कडकपणा राहतो आणि कोंडलेला ताण निघून जातो.

पोलादाचं दुखणं वेगळं होतं. ते थंड अवस्थेत दाबून वाहतं करायचं तर पंचवर, म्हणजे धातू दाबणाऱ्या दट्ट्यावर, दर चौरस मिलिमीटरला दोन हजार न्यूटनपर्यंत दाब येतो. एवढा दाब देणारे प्रेस बांधता येत होते. अडचण होती ती घर्षणाची. या दाबाखाली तेल पिळून निघून जायचं, पोलाद डायला चिकटायचं आणि दोन्हीची वाट लागायची.

तोडगा आला गंज रोखणाऱ्यांकडून. बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेटने १९०६ मध्ये लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं होतं, उद्देश एवढाच की गंज लागू नये. १९३४ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ सिंगरने हाच थर थंड घडणीसाठी वापरण्याची कल्पना मांडली. फॉस्फेटचे बारीक खवले पोलादाला घट्ट धरून बसतात आणि वंगण अडवून ठेवतात. पुढे त्यावर साबणाच्या द्रावणाची जोड आली. जस्ताच्या फॉस्फेटशी साबणाची रासायनिक क्रिया होऊन जस्ताचा साबण तयार होतो, तो पृष्ठभागालाच जडलेला असतो आणि दाबाखाली पळून जात नाही. राखाडी रंगाचा, बोट फिरवलं की मेणचट लागणारा असा बिलेट (घडवण्याआधीचा पोलादाचा तुकडा) आजही कोल्ड फोर्जिंगच्या शॉपमध्ये क्रेटच्या क्रेट भरून दिसतो. माझ्या मते या तंत्राच्या इतिहासात कोणत्याही प्रेसपेक्षा या थराचं महत्त्व जास्त आहे.

जर्मनीला ही घाई का होती, हे उघड आहे. काडतुसाच्या पितळाला तांबं लागतं आणि जर्मनीकडे तांब्याचा तुटवडा होता. पोलादी नळकांडी थंड दाबून करता आली तर तेवढं तांबं वाचणार होतं. महायुद्ध संपल्यावर ही माहिती अमेरिकेच्या हाती लागली. तिथेही पहिलं काम तोफगोळ्यांचंच झालं, मग मोटार उद्योगाने ते उचललं: बेअरिंगच्या रिंगा, पिस्टन पिन, स्पार्क प्लगची धातूची खोळ, पुढे गिअर आणि शाफ्ट. टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या डायमुळे हत्यारांचं आयुष्य वाढलं. हा पदार्थही मूळचा विजेच्या दिव्यांच्या उद्योगातला. ऑसराम कंपनीच्या कार्ल श्रोटरने १९२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, कारण दिव्यातली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या महागड्या डायऐवजी काहीतरी हवं होतं.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ही पद्धत वाहन उद्योगाच्या मागोमाग रुजली, आणि हिशेब इथेही तोच: नग लाखांत असतील तरच डायचा खर्च निघतो, पाचशे नगांसाठी लेथच बरा. फॉस्फेटिंगच्या टाक्यांत गाळ साचतो, धुण्याच्या पाण्यात जस्त आणि फॉस्फेट उतरतं आणि त्यावर प्रक्रिया केल्याशिवाय ते सोडता येत नाही. म्हणून जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी एकाच बुडवणीत चढणारे, फॉस्फेट नसलेले थर बाजारात आणले आहेत. सोप्या जॉबवर ते चालतात. खोल एक्स्ट्रूजनचा (धातू दाबून डायमधून वाहवण्याचा) अवघड जॉब आला की अनेक शॉप अजून जुन्या फॉस्फेट-साबणाच्या टाकीकडेच वळतात.