ब्रिटिश मुष्टियोद्ध्यांचे परदेशांतील विजय

ब्रिटनच्या व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांनी मायदेशाबाहेर, बहुधा प्रतिस्पर्ध्याच्याच प्रेक्षकांपुढे जिंकलेल्या महत्त्वाच्या लढती. ऑलिंपिक पदके येथे विचारात घेतलेली नाहीत. खेळाचे नियम व वजनगट यांसाठी पहा : मुष्टियुद्ध.

या परंपरेची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकवाक्यता नाही. जेम मेस याने १० मे १८७० रोजी लुइझियानातील केनरव्हिल येथे टॉम ॲलनला उघड्या मुठींच्या लढतीत हरवले. पण दोघेही इंग्रजच असल्याने ‘परक्याच्या घरी विजय’ हा अर्थ तिला नीट लागू होत नाही. बहुतेक लेखक १७ मार्च १८९७ ही तारीख पसंत करतात. त्या दिवशी नेव्हाडातील कार्सन सिटी येथे बॉब फिट्झसिमन्सने जेम्स कॉर्बेटला चौदाव्या फेरीत पोटाच्या वरच्या भागातील ठोशाने खाली बसवून हेवीवेट विजेतेपद घेतले. सहाव्या फेरीत तो स्वतः पडला होता आणि पंचाने आकडे संथपणे मोजले, असा आक्षेप कॉर्बेटच्या बाजूने घेतला गेला. मात्र फिट्झसिमन्स कॉर्नवॉलमधील हेल्स्टन येथे जन्मला असला, तरी वाढला न्यूझीलंडमधील टिमारू येथे, आणि मुष्टियोद्धा म्हणून घडला तो ऑस्ट्रेलियात. त्यामुळे काही अभ्यासक त्याला या यादीतून वगळतात. जन्मस्थान हा एकच निकष लावायचा, तर जमैकात जन्मलेले पुढचे अनेक ब्रिटिश विजेतेही गळतील. म्हणून मुष्टियोद्धा कोठे घडला हे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी लढतींचे मूल्यमापन कठीण आहे. कार्डिफचा जिम ड्रिस्कॉल १९ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये फेदरवेट विजेता एब अटेल याच्याशी दहा फेऱ्या लढला. तेथे त्या काळी गुणांवर निकाल देण्याची पद्धत नव्हती. आव्हानवीराने विजेत्याला आडवे केले तरच विजेतेपद हलत असे. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी ड्रिस्कॉलच्या बाजूने कौल दिला, पण विजेतेपद अटेलकडेच राहिले. कार्डिफच्या नाझरेथ हाउस अनाथालयाच्या मदतीसाठी लढण्याचा शब्द दिलेला असल्याने ड्रिस्कॉल लगेच मायदेशी परतला आणि अटेलशी दुसरी लढत कधीच झाली नाही. अशा ‘वृत्तपत्री’ निकालांना विजय म्हणावे की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. ते अधिकृत विजयांपासून वेगळे नोंदवावेत, पण गाळू नयेत, हे मत येथे स्वीकारले आहे. लंडनच्या ईस्ट एन्डमधील टेड ‘किड’ लुइस (जन्मवर्ष १८९३ की १८९४ याबाबत मतभेद) व अमेरिकी मुष्टियोद्धा जॅक ब्रिटन यांच्या सुमारे वीस लढतींतही हाच गुंता आहे. लुइसचे वेल्टरवेट विजेतेपद सामान्यतः ३१ ऑगस्ट १९१५ च्या बॉस्टनमधील लढतीपासून मोजतात.

एडिंबरोच्या केन बुकॅननने २६ सप्टेंबर १९७० रोजी पोर्तो रीकोतील सान वान येथे पनामाच्या इस्माएल लागुनाला पंधरा फेऱ्यांत विभागलेल्या (गुणदात्यांचे एकमत नसलेल्या) निर्णयाने हरवले. भर उन्हात, उघड्या स्टेडियममध्ये लढत झाली. तापमान ३८ अंश सेल्सियसच्या पुढे होते असे सांगितले जाते. तेथील दमट हवेत एका स्कॉटिश लाइटवेटने पंधरा फेऱ्या पायांवर तोल सांभाळून काढाव्यात, हे निकालाइतकेच थक्क करणारे आहे. तरीही ब्रिटनच्या नियंत्रक मंडळाने त्याला लगेच विश्वविजेता मानले नाही. मंडळ जागतिक मुष्टियुद्ध परिषदेच्या बाजूचे होते, परिषदेने लागुनाची मान्यता आधीच काढून घेतली होती, आणि सान वानची लढत प्रतिस्पर्धी जागतिक संघटनेच्या विजेतेपदासाठी होती. फेब्रुवारी १९७१ मध्ये लॉस अँजेलिस येथे रुबेन नवारोला हरवल्यावर परिषदेचे पदही त्याला मिळाले.

जॉन स्ट्रेसीने डिसेंबर १९७५ मध्ये मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, पहिल्या फेरीत खाली पडूनही, होसे नापोलेसला सहाव्या फेरीत थांबवले. कर्कलंड लेंगने १९८२ मध्ये डेट्रॉइट येथे रोबेर्तो डुरानवर मिळवलेला विजय विजेतेपदासाठी नव्हता.

गुणपत्रिकांच्या दृष्टीने ॲलन मिंटर व व्हितो अँतुओफेर्मो यांची लढत (लास व्हेगास, १६ मार्च १९८०) सर्वांत वादग्रस्त ठरते. एका गुणदात्याने अँतुओफेर्मोला १४५–१४३ असे पुढे ठेवले, दुसऱ्याने मिंटरला १४४–१४१. तिसरे, ब्रिटिश गुणदाते रोलंड डेकिन यांचे गुण मात्र मिंटरकडे १४९–१३७ होते. इतका फरक फारसे कोणी मान्य करत नाही. पण ते गुण बाजूला ठेवले तरी उरलेले दोन गुणदाते एकेका बाजूला जातात, हे टीकाकारांनी लक्षात घ्यायला हवे. जूनमधील लंडनच्या फेरलढतीत मिंटर निर्विवाद जिंकला.

लॉइड हनीगनने २७ सप्टेंबर १९८६ रोजी अटलांटिक सिटीत डॉनल्ड करीला हरवले, तेव्हा गुणपत्रिका उघडण्याची वेळच आली नाही. टेक्ससचा करी अपराजित होता, वेल्टरवेटची तिन्ही प्रमुख पदे त्याच्याकडे होती आणि त्या काळच्या सर्वोत्तम मुष्टियोद्ध्यांत त्याची गणना होत असे. दुसऱ्या फेरीतच हनीगनच्या ठोशाने त्याचे गुडघे लचकले. सहाव्या फेरीत डोकी आपटून त्याची भुवई फाटली आणि फेरी संपताच तो कोपऱ्यातून उठला नाही. वजन उतरवताना करी आधीच खचला होता, हे स्पष्टीकरण निराधार नाही. पण पहिल्या घंटेपासून हनीगनने लावलेला रेटा त्यातून समजत नाही. प्रस्तुत नोंदीत हा विजय सर्वांत वरचा मानला आहे. पुढे वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकी आव्हानवीराशी लढण्यास नकार देऊन त्याने विजेतेपदाचा एक पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला.

लेनक्स लुइसला मार्च १९९९ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँडर होलीफील्डविरुद्ध बरोबरी दिली गेली, तेव्हा ११५–११५ असे गुण देणारे लॅरी ओ’कॉनेल ब्रिटिशच होते. नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला तो एकमताने जिंकला. टायसन फ्युरीने २८ नोव्हेंबर २०१५ रोजी ड्युसेलडॉर्फला व्लादिमिर क्लिच्को याला हरवले, तो निर्णयही एकमताचा होता.

महिलांच्या लढतींचे संदर्भ अजून अपुरे आहेत. नॉर्दॅम्प्टनच्या शँटेल कॅमेरॉनने २० मे २०२३ रोजी डब्लिनमध्ये केटी टेलरला तिच्याच प्रेक्षकांसमोर व्यावसायिक कारकिर्दीतील पहिला पराभव दाखवला. गुण ९६–९४, ९६–९४ व ९५–९५. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, त्याच शहरात, टेलरने फेरलढत जिंकली.