थेंबाचा पन्नासावा भाग: पॉल तेरासाकी यांचा क्रॉसमॅच

१९६० च्या दशकात मूत्रपिंड प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनना एक भयंकर प्रकार अधूनमधून पाहावा लागे. रक्तवाहिन्या जोडून चिमटे काढले की नवे मूत्रपिंड गुलाबी होई आणि काही मिनिटांत किंवा तासांत निळसर, मऊ पडे. कोणतेही औषध चालत नसे. ते काढूनच टाकावे लागे. याचे कारण, म्हणजे दात्याच्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी), रुग्णाच्या रक्तात शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच असते, हे आकड्यांनिशी पटवून दिले ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल तेरासाकी (१९२९–२०१६) यांनी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने हजारो जपानी वंशाच्या कुटुंबांना छावण्यांत डांबले, त्यांत तेरासाकींचेही होते. पुढे प्राणिशास्त्रात पीएचडी करून ते लंडनला प्रत्यारोपणाचे संशोधक पीटर मेडावार यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेव्हा या क्षेत्राचे सगळे लक्ष पांढऱ्या पेशींच्या हल्ल्याकडे होते आणि प्रतिपिंडे दुय्यम मानली जात. तेरासाकींनी मात्र प्रतिपिंडांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही.

त्यांचे सर्वांत उपयोगी काम १९६४ चे, सहकारी मॅक्लेलंड यांच्यासोबतचे. पेशींवरची एचएलए ही ओळखचिन्हे तपासायला लागणारे सीरम (रक्तातला पेशींविना उरणारा द्रव) दुर्मीळ होते. ते मुख्यतः अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांकडून मिळे, कारण गर्भातल्या बाळाच्या पेशींवर वडिलांची चिन्हे असतात आणि आईच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. असे सीरम पुरवून वापरायचे, तर चाचणीच लहान करायला हवी. तेरासाकींनी ती १ मायक्रोलिटरवर आणली, म्हणजे साधारण थेंबाचा पन्नासावा भाग.

दाता ठरल्यावर होणारा क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचे सीरम दात्याच्या पेशी मारते का याची चाचणी, याच पद्धतीने होतो. बारीक खळग्यांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये आधी तेल घालतात, नाहीतर एवढेसे द्रव लगेच सुकून जाईल. तेलाखाली रुग्णाचे १ मायक्रोलिटर सीरम आणि दात्याच्या सुमारे २,००० लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी. अर्ध्या तासाने ५ मायक्रोलिटर सशाचे कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली पेशी मारणारी प्रथिने, घालतात. प्रतिपिंडे पेशींना चिकटली असतील, तर कॉम्प्लिमेंट त्या पेशींना भोके पाडते. तासाभराने इओसिन रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की मेलेल्या पेशी फुगलेल्या व गडद दिसतात आणि जिवंत पेशी चकाकतात.

चुका बहुधा कॉम्प्लिमेंटपाशी होतात. त्याचा प्रत्येक साठा वेगळा निघतो. एखादा इतका जहाल असतो की प्रतिपिंडांशिवायही पेशी मारतो, आणि नीट गोठवून न ठेवलेला निकामी होऊन खोटा नकारार्थी निकाल देतो. म्हणून प्रत्येक ट्रेमध्ये नक्की मारणारे आणि नक्की न मारणारे अशी दोन्ही सीरमे ठेवावीच लागतात. रुग्णाची स्वतःच्याच पेशींविरुद्धची निरुपद्रवी प्रतिपिंडेही फसवतात. त्यांतली बरीचशी आयजीएम प्रकारची असल्याने सीरमवर आयजीएम मोडणाऱ्या डीटीटी या रसायनाची प्रक्रिया करून चाचणी पुन्हा लावतात.

१९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी हिशेब मांडला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह (म्हणजे दात्याच्या पेशी मेलेल्या) असूनही प्रत्यारोपण झालेल्या ३० पैकी २४ मूत्रपिंडे ताबडतोब निकामी झाली; निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. हा फरक वाचल्यावर चाचणीशिवाय शस्त्रक्रिया करणे कुणालाच समर्थनीय वाटेना. पण ते ८ जणही विसरता येत नाहीत. फार थोडी किंवा कॉम्प्लिमेंटला कामाला न लावणारी प्रतिपिंडे या चाचणीत निसटतात, म्हणूनच आज जोडीला फ्लो सायटोमेट्री (पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे यंत्राने मोजणे) आणि एचएलए चिकटवलेल्या सूक्ष्म मण्यांवरची तपासणी करतात. तरीही मुंबई-पुण्याच्या केंद्रांत ‘सीडीसी (कॉम्प्लिमेंटने पेशी मारण्यावर आधारलेला) क्रॉसमॅच’ लिहून येतो, तो याच चाचणीचा वंशज.

१९९५ चा त्यांचा निबंध आपल्याकडे विशेष वाचण्याजोगा आहे, कारण इथे जोडीदाराने मूत्रपिंड देणे सर्रास घडते. पती किंवा पत्नीने दिलेली मूत्रपिंडे तीन वर्षांनी ८५ टक्के चालू होती, मृत दात्यांची ७० टक्के. जोडप्यांमध्ये एचएलए फारसे जुळत नसूनही! मात्र पतीचे मूत्रपिंड घेणाऱ्या स्त्रीला आधी गर्भधारणा झालेली असेल, तर आकडा ७६ पर्यंत उतरत होता. झालेली नसेल तर ८७.

म्हणून अशा रुग्णाला क्रॉसमॅचच्या वेळी बाळंतपण, गर्भपात, रक्त चढवणे, आधीचे प्रत्यारोपण हे सगळे विचारायलाच हवे. नुकतेच रक्त चढवले असेल, तर प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याआधीचे निगेटिव्ह सीरम धरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये, नवा नमुना घ्यावा.